सीपीयू रिकामा, मग कॉम्प्युटर का खोळंबतो?

लक्षणं आधी नीट सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते ताडून पाहता येईल. काम व्यवस्थित चालू असतं. मग टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उशिरा उमटू लागतात, कर्सर तुकड्यातुकड्यांनी सरकतो, खिडकी फिकट पडते आणि ‘प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. डिस्कचा लुकलुकणारा दिवा एकसारखा जळत राहतो. दोन-तीन मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं, की आपोआप सगळं सुरळीत. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तर तो दिवस बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

माझ्या लॅपटॉपवर हे काही आठवडे चाललं होतं. लिनक्स, ग्नोम डेस्कटॉप, ८ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. हँग झाला की मी सिस्टिम मॉनिटर (सीपीयू, मेमरी, डिस्क यांचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायचो, सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आलेख १२-१५ टक्क्यांवर दिसायचा, आणि ‘सीपीयू तर रिकामा आहे, म्हणजे दुखणं दुसरीकडे कुठेतरी’ असं म्हणून खिडकी बंद करायचो. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याच खिडकीत खाली दिसत होतं. मी फक्त पहिला आलेख बघून थांबत होतो.

सीपीयूचा आकडा कोण काम करतंय ते सांगतो. कोण कशासाठी खोळंबलंय, हे त्यात येत नाही. अधूनमधून हँग होणाऱ्या कॉम्प्युटरचं निदान करायचं तर शोध या खोळंब्याचा घ्यायला हवा.

मॉनिटर आधीपासून उघडा हवा

ग्नोमच्या सिस्टिम मॉनिटरमध्ये ‘रिसोर्सेस’ या भागातला आलेख मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या ६० सेकंदांचाच असतो. दोन मिनिटांनी कॉम्प्युटर मोकळा झाल्यावर तो उघडला, तर बघायचं ते केव्हाच आलेखाबाहेर गेलेलं असतं. आणि हँग चालू असताना उघडायला गेलात, तर मॉनिटर हाही एक प्रोग्रॅमच. तोही त्याच तुंबलेल्या डिस्कवरून वाचला जायचा असतो, त्यामुळे तोही रांगेत अडकतो. म्हणून सकाळी काम सुरू करतानाच तो उघडून कोपऱ्यात ठेवून द्या. प्रेफरन्सेसमध्ये आलेख किती सेकंदांनी ताजा व्हावा हे बदलता येतं. ते अंतर वाढवलं की तेवढ्याच रुंदीत जास्त वेळ मावतो. त्याचा दुसरा फायदा असा की आलेख सतत रंगवायला मॉनिटर स्वतः जो सीपीयू खातो, तोही कमी होतो. शांत कॉम्प्युटरवर प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, यादीत सिस्टिम मॉनिटरच सगळ्यात वर दिसला तर घाबरू नका.

सीपीयूची रेष वाचताना

रेष कमी आहे म्हणून लगेच पुढे जाऊ नका, आधी एक गोष्ट तपासा. प्रोसेसरला ८ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतील आणि एकच प्रोग्रॅम एका कोरवर अडून बसला असेल, तर एकूण वापर १२.५ टक्केच दिसतो. तो एक कोर मात्र शंभर टक्के भरलेला असतो. ग्नोमच्या आलेखात प्रत्येक कोरची वेगळ्या रंगाची रेष असते. एखादी रेष छताला चिकटलेली आहे का ते बघा. असेल तर प्रकरण साधं आहे: प्रोसेसची यादी सीपीयूच्या रकान्यावर लावा, सगळ्यात वरचा तोच.

इथे टक्केवारीचा एक घोळ नेहमी होतो. एक कोर पूर्ण वापरणारी प्रोसेस १०० टक्के दाखवायची की एकूण क्षमतेच्या हिशेबात १२.५ टक्के, हे ग्नोममध्ये सेटिंगवर अवलंबून असतं. विंडोजचा टास्क मॅनेजर संपूर्ण प्रोसेसर म्हणजे १०० धरतो. मॅकचा अॅक्टिव्हिटी मॉनिटर एक कोर म्हणजे १०० धरतो, त्यामुळे तिथे ३०० टक्के दिसले तरी काही मोडलेलं नसतं. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवण्याआधी हे तपासा.

माझ्याकडे कुठलाच कोर भरलेला नव्हता. उलट हँग झाला की सगळ्या रेषा खाली यायच्या. मला वाटायचं, प्रोसेसरवरचा ताण उतरला. खरं कारण वेगळं होतं. एखाद्या प्रोग्रॅमला डिस्कवरून काही हवं असलं, की ते हातात येईपर्यंत तो झोपतो. सगळेच डिस्कच्या दारात झोपले तर प्रोसेसरला करायला काही उरत नाही. लिनक्स या वाट पाहण्याच्या वेळेची नोंद वेगळी ठेवतो, पण ग्नोमचा आलेख ती ‘वापरात’ धरत नाही. त्यामुळे डिस्क जितकी जास्त तुंबेल, तितका सीपीयू निवांत दिसेल.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रोसेसच्या यादीत ‘स्टेटस’ हा रकाना दिसता करा. तो सहसा लपलेला असतो. बहुतेक ओळींपुढे ‘स्लीपिंग’ असेल, ते सामान्य आहे. ‘अनइंटरप्टिबल’ दिसलं तर ती प्रोसेस डिस्ककडून किंवा तशाच एखाद्या साधनाकडून उत्तर येण्याची वाट बघते आहे. क्षणभर तसं होणं साहजिक आहे. पण चार-पाच प्रोसेस मिनिटभर त्याच अवस्थेत असतील, तर खोळंबा तिथेच आहे.

मेमरी, स्वॅप आणि डिस्क एकत्र बघा

मेमरीचा आकडा ८० टक्क्यांवर गेला की लोक घाबरतात. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइल्स ठेवून देतो आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडतो. हा झाला कॅश. ग्नोमचा मॉनिटर कॅश वेगळा दाखवतो. इतर काही साधनांत तो ‘वापरलेल्या’ मेमरीतच मोजलेला असतो, म्हणून आधी समोरचा आकडा कशाचा आहे ते समजून घ्या.

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की मेमरी ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. त्याबद्दलही असाच गैरसमज आहे. स्वॅपमध्ये १ जीबी पडून आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बराच वेळ कुणी हात न लावलेली मेमरी तिकडे हलवली गेली असेल, आणि ती तिथे पडून राहिली तर त्रास नाही. बघायची ती हालचाल. मेमरीची रेष ९० टक्क्यांच्या वर, स्वॅपची रेष चढती, आणि त्याच वेळी डिस्कवर वाचन-लेखनाची झुंबड, अशा तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याला थ्रॅशिंग म्हणतात. रॅममध्ये जागा नाही म्हणून एकाची मेमरी डिस्कवर ढकलायची, पुढच्याच क्षणी त्याला ती परत हवी असते म्हणून दुसऱ्याची ढकलायची. सगळा वेळ या ने-आणीत जातो.

ग्नोम सिस्टिम मॉनिटरच्या नव्या आवृत्त्यांत डिस्कचा आलेखही आहे. तो बघताना मी आणखी एकदा फसलो. हँग झालेला असताना तिथे वेग दिसत होता सेकंदाला काहीशे केबी ते २-३ एमबी. हीच डिस्क मोठी फाइल कॉपी करताना ८० एमबीच्या वर जाते. मला वाटलं, डिस्कवर कामच नाही. पण फिरत्या डिस्कचं गणित मांडून बघा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. त्यात वाचणारं डोकं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा वेळ. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचनं होतात. मेमरीचं एक पान ४ केबीचं. म्हणजे सेकंदाला फार तर ४०० केबी. १ जीबी मेमरी अशी एकेक पान करून परत आणायची तर पाऊण तासाच्या आसपास वेळ लागेल. प्रत्यक्षात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शेजारची काही पानं एकत्र उचलतो, म्हणून एवढं लांबत नाही, पण दोन-तीन मिनिटं का जातात ते यावरून कळतं. डिस्कचा वेग कमी आणि तरीही डिस्क पूर्ण अडकलेली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

इथे अनेक जण सल्ला देतात की स्वॅपच बंद करून टाका. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. स्वॅप नसला तरी मेमरी अपुरी पडल्यावर कर्नल चालू प्रोग्रॅमचा कोडच रॅममधून काढून टाकतो, कारण तो डिस्कवरच्या फाइलमधून केव्हाही परत वाचता येतो. मग तोच कोड पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि कॉम्प्युटर तसाच गोठतो. फरक इतकाच, की स्वॅपचा आलेख शून्यावर असल्यामुळे कारण शोधणं आणखी अवघड होतं.

मग धरायचा कुणाला?

सिस्टिम मॉनिटरची प्रोसेसची यादी सहसा फक्त तुमच्या खात्याच्या प्रोसेस दाखवते. रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालणारी कामं, म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट किंवा संपूर्ण सिस्टिमचा बॅकअप, त्यात दिसतच नाहीत. मेनूतून ‘ऑल प्रोसेसेस’ निवडा. तरीही डिस्क रीड आणि डिस्क राइट हे रकाने दुसऱ्यांच्या प्रोसेसपुढे रिकामे राहतात, कारण कोण किती वाचतं-लिहितं ही माहिती कर्नल ज्याची प्रोसेस त्यालाच देतो. म्हणून डिस्क भरधाव चालली आहे आणि रकान्यांची बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही, असं दिसलं तर समजा की काम रूटच्या कुठल्यातरी प्रोसेसचं आहे.

माझ्या यादीत डिस्क रीडच्या रकान्यात सगळ्यात वर होता फाइल्सची सूची बनवणारा प्रोग्रॅम, ग्नोममधला ट्रॅकर मायनर. नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव लोकलसर्च आहे, आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हेच काम बलू करतो. मी तो लगेच बंद केला. दोन दिवसांनी हँग पुन्हा हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तो बिचारा नेहमीचं काम करत होता. मेमरी संपल्यामुळे तोही इतरांसारखा अडकला होता आणि अडकलेल्यांत पुढे दिसत होता, इतकंच. हँगच्या क्षणी यादीत वर कोण आहे, यापेक्षा हँगच्या आधीच्या तासांत कोण फुगत गेलं हे महत्त्वाचं आहे. आणि ते एका नजरेत दिसत नाही.

त्यासाठी मी वही घेतली. यादी मेमरीच्या रकान्यावर लावली आणि दर दीड-दोन तासांनी वरच्या पाच ओळी लिहून काढल्या. ब्राउझरच्या एकाच नावाच्या वीसेक ओळी असतात, त्यामुळे नावाशेजारी आयडीच्या रकान्यातला क्रमांकही लिहिला, नाहीतर कोणती ओळ कोणती ते कळत नाही. साडेनऊला एका ओळीपुढे होते ४१० एमबी. अकराला त्याच क्रमांकापुढे ७८०. एक वाजता १.४ जीबी. साडेतीनला २.३ जीबी. बाकीच्या चार ओळी थोड्याफार मागेपुढे होऊन जागच्या जागीच होत्या. पावणेचारला दिवा एकसारखा जळू लागला.

त्या क्रमांकाची प्रोसेस ब्राउझरची आहे एवढंच सिस्टिम मॉनिटरला माहीत असतं. आत काय चाललंय हे ब्राउझरलाच विचारावं लागतं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, आणि फायरफॉक्समध्येही प्रोसेसची अशी यादी आहे. क्रोमच्या यादीत टॅब आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा वेगवेगळे दिसतात. मला वाटलं होतं, दिवसभर उघडा असणारा एखादा जड टॅब निघेल. निघालं एक छोटं एक्स्टेन्शन, जे मी केव्हातरी बसवलं होतं आणि विसरलो होतो. घेतलेली मेमरी ते परत करतच नव्हतं. काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेवढेच टॅब उघडे असताना, मेमरीची रेष ५५ टक्क्यांवर सपाट होती.

संशयित सापडल्यावर लगेच मारू नका

यादीतल्या ओळीवर राइट क्लिक केलं की ‘स्टॉप’, ‘कंटिन्यू’, ‘एंड’ आणि ‘किल’ असे पर्याय मिळतात. ‘स्टॉप’ हा पर्याय फार कमी लोक वापरतात, आणि निदानासाठी मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. त्याने प्रोसेस मरत नाही, जागच्या जागी थिजते. संशय असलेली प्रोसेस थिजवा आणि अर्धा मिनिट आलेख बघा. डिस्क शांत झाली आणि बाकीचे प्रोग्रॅम हलू लागले तर संशय बराचसा पक्का. काहीच फरक पडला नाही तर ‘कंटिन्यू’ दाबा, ती होती तिथून पुढे चालू लागते आणि न साठवलेलं काम वाचतं. मात्र थिजलेली प्रोसेस व्यापलेली मेमरी आपणहून सोडत नाही, त्यामुळे हा उपाय नव्हे, चाचणी आहे.

‘एंड’ म्हणजे बंद होण्याची विनंती. प्रोग्रॅमला फाइल्स साठवून आवरायला वेळ मिळतो. ‘किल’मध्ये तो मिळत नाही, कर्नल ती प्रोसेस तिथल्या तिथे संपवतो. म्हणून आधी एंड, थोडं थांबून मगच किल. ‘अनइंटरप्टिबल’ अवस्थेतल्या प्रोसेसवर बहुधा किलचाही परिणाम होत नाही, डिस्ककडून उत्तर आल्यावरच ती जाते. दहादा दाबून उपयोग नाही. ग्नोम शेलला, म्हणजे खुद्द डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, तर हात लावू नका. वेलँडवर (लिनक्समधली खिडक्या पडद्यावर दाखवण्याची नवी पद्धत) तो गेला की त्याच्याबरोबर उघडे असलेले सगळे प्रोग्रॅम जातात.

कधी कधी तुम्ही काहीही न करता ब्राउझर अचानक बंद होतो. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी ही सेवा सुरुवातीपासून चालू असते. मेमरीसाठीचा खोळंबा एका मर्यादेपलीकडे गेला की ही सेवा स्वतःच काही प्रोसेस बंद करते. हा खोळंबा मोजण्याची सोय, म्हणजे पीएसआय, लिनक्स कर्नलमध्ये ४.२० या आवृत्तीत, २०१८ साली आली. ब्राउझर असा वरचेवर बंद होत असेल तर ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका, मेमरीच्या नोंदी सुरू करा.

विंडोज आणि मॅकवर

रीत तीच, जागा वेगळ्या. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कचा ‘अॅक्टिव्ह टाइम’ बघा. तो १०० टक्के आणि खालचा वेग मात्र किरकोळ, असं असेल तर वर सांगितलेलंच चित्र आहे. तिथूनच रिसोर्स मॉनिटर उघडता येतो. त्यात मेमरीच्या भागात ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना आहे, म्हणजे कोणत्या प्रोसेसला मेमरीतली पानं डिस्कवरून आणावी लागताहेत ते कळतं. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा. हिरवा असेल तर मेमरी किती भरली आहे याची चिंता नको, लाल असेल तर रॅम खरोखर अपुरी पडते आहे. मॅकवर ‘कर्नल टास्क’ भरमसाट सीपीयू खाताना दिसला तर तो दोषी धरू नका. प्रोसेसर तापला की इतर प्रोग्रॅमना सीपीयू कमी मिळावा, म्हणून तो मुद्दाम जागा अडवतो. हवा जायची वाट मोकळी आहे का ते बघा.

मेमरी निम्मी रिकामी आणि तरीही खोळंबा

असं असेल तर माझा पहिला संशय डिस्कवर. खराब होत चाललेली डिस्क एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ सगळे अडकून राहतात. मेमरी रिकामी, स्वॅप हलत नाही, डिस्कचा वेग जवळपास शून्य, आणि प्रोसेस ‘अनइंटरप्टिबल’ अवस्थेत, असं चित्र दिसलं तर बाकी काही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढा. मग ग्नोमच्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट चाचणीचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. वाचता न येणाऱ्या किंवा बदलून घेतलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांची) संख्या दर वेळी वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ झाली. नेटवर्कवरचं एखादं फोल्डर जोडलेलं असेल आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद असेल तरीही नेमकं असंच दिसतं, म्हणून त्या फोल्डरची जोडणी तोडूनही बघा.

एवढं करूनही सापडलं नाही आणि कुणाला विचारायचं ठरवलंत, तर ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ एवढंच सांगू नका. रॅम किती, डिस्क फिरती की एसएसडी, हँग होतानाचा चारही आलेखांचा स्क्रीनशॉट, आणि त्याआधीच्या चार-पाच तासांत वरच्या पाच प्रोसेसची मेमरी आयडी क्रमांकासकट. स्क्रीनशॉट त्या क्षणी निघत नसेल तर मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा.